एकशे एक्याण्णव

कॅनडात मी कधी गेलो नाही,
पण सीएचं ऑफिस कॅनडा कॉर्नरला,
झेरॉक्सच्या दुकानावर, दुसरा मजला.
छाजेड मॅडम पासपोर्ट मागून पुढे वाचतात,
एकेका शिक्क्यावर पेन्सिल टेकवत,
तांदळातले खडे वेचावेत तशा.

“सोळा सप्टेंबरला आलात. बरोबर?”
बरोबर.
सोहारचं प्रोजेक्ट संपलेलं,
पुढच्याचा व्हिसा अडकलेला.
सातपूरच्या फ्लॅटमध्ये सहा महिने
मी पंखे पुसले, नळांचे वॉशर बदलले,
तृप्तीच्या पोटाला कान लावून झोपलो.

“आणि गेलात पंचवीस मार्चला.”
गेलो.
त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं.
येण्याचा दिवस धरतात, जाण्याचाही धरतात, म्हणाल्या.
एकशे एक्याण्णव.
एकशे ब्याऐंशीला माणूस निवासी होतो,
मग त्या वर्षीची कमाई कुठल्याही मुलखातली असो,
हिशेब इथे.
तिकडे कर नव्हता,
त्यामुळे वजा करायलाही काही नव्हतं.
व्याजासकट एक लाख बेचाळीस हजार
तीनशे दहा.
वरचे दहासुद्धा सोडले नव्हते.

(मेल आला तेव्हा फसवणूक समजून
मी तो उडवला होता. दोनदा.)

तिकीट पंधरा मार्चचं होतं, मॅडम.
पंधराला गेलो असतो तर?
या वेळी त्यांनी पेरं मोजली नाहीत.
“एकशे एक्याऐंशी,” म्हणाल्या,
आणि चहा सांगितला.

बारा मार्चच्या रात्री, मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात
मुलगी आठ आठवडे आधीच आली.
चौदाशे दहा ग्रॅम.
माझ्या हातातला ग्राइंडर तिच्याहून जड.
काचेच्या पेटीवर नाव नव्हतं,
‘बेबी ऑफ तृप्ती’ आणि तारीख.
तिथेही दिवसच मोजायचे.
आज तिसरा, नळीतून दोन मिली.
आज सहावा, पाच मिली, पैकी थोडं ओकली.
तृप्ती तापाने फणफणलेली,
तेव्हा सिस्टर मला म्हणाल्या, शर्ट काढा.
तिला माझ्या छातीवर पालथी ठेवलं.
वेल्डिंगच्या ठिणगीचा जुना डाग आहे तिथे,
तिचा गाल नेमका त्यावर.
खिशात फोरमनचा फोन थरथरत राहिला.
हललो असतो तर तिची नळी सुटली असती.
हललो नाही.

कायद्याचं म्हणणं, त्या दिवसांत मी निवासी झालो.
खोटं कसं म्हणू?
आधीची अकरा वर्षं मी सुटीलाच येत होतो,
खजूर नि परफ्यूम घेऊन,
आपल्याच घरात
कुठलं बटण कुठल्या दिव्याचं हे विचारत.

पण म्हणून पैसे भरताना हात हलका झाला
असं नाही.
रात्री तृप्तीने वहीत भागाकार केला:
दिवसाला चौदा हजार दोनशे एकतीस.
“काचेच्या पेटीचं भाडंही इतकं नव्हतं रे,”
म्हणाली, आणि हसायला लागली,
मग हसता हसता उठून
गॅस बंद आहे का बघून आली.

संध्याकाळी ईशानीला घेऊन गोदेवर गेलो होतो.
धरणाचं पाणी सोडलेलं,
माणसं कठड्याशी उभी राहून
नेहमीसारखी दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजत होती.
गुडघ्याला, कुणी म्हणालं.
कमरेला, दुसरा म्हणाला, नीट बघा.
तो बिचारा एक तोंड इकडे, एक तिकडे करून
पाण्यात उभा.
त्याला कुणी तारखा विचारत नव्हतं.
ईशानी माझ्या खांद्यावर,
दोन्ही पाय माझ्या छातीवर आपटत.
आता साडेबारा किलो. मान दुखते.

उद्या एफडी मोडायची.
चलन जपून ठेवा, मॅडम म्हणाल्या, सात-आठ वर्षं तरी.
ठेवतो.
निळी फाइल आहे घरात,
हॉस्पिटलची.
तिच्यात एक कागद आहे,
त्यावर शाईने उठवलेलं पाऊल,
माझ्या अंगठ्याएवढं,
आणि खाली तारीख.